डाव्या बाजूचा खळगा

खरं माना म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. माझ्या घरात घडलंय, मी स्वतः शिवलेल्या गादीवर घडलंय, आणि अजून संपलेलं नाही. ज्याला थट्टा करायची त्याने खुशाल करावी. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीपण केली असती.

ती रात्र मला पक्की आठवते. गेल्या हिवाळ्यातला गुरुवार. शहरापासून साडेतीन तासांवरची टेकडी. टेकडीवर मोबाइलचा टॉवर. टॉवरच्या पायथ्याशी आमची पिकअप, आणि पिकअपच्या हौद्यात मी आणि माझा नवरा.

आम्ही दोघंच.

असं मला वाटत होतं...

पण त्या रात्रीपर्यंत मी पोहोचले कशी, ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई मुळात संशयी. आहेच मी संशयी. नाकारत नाही. पण या वेळी संशयाला कारण होतं.

माझं गाड्यांच्या सीटा आणि कुशन शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. फोम कापता कापता अर्धं आयुष्य गेलं. एखादी जुनी सीट माझ्यापुढे आणून टाका, मी सांगते गाडीवाला पाकीट कुठल्या खिशात ठेवतो, कुठला गुडघा दुखतो आणि बायको शेजारी बसते की मागे. यात जादू काही नाही हो. माणूस रोज जिथे टेकतो तिथे फोम बसतो. बघायची सवय लागते, एवढंच.

नवरा टॉवरवर चढतो. वरची यंत्रं बसवायची, दुरुस्त करायची, हे त्याचं काम. उंची सहा फूट दोन इंच. सगळे त्याला लंबू म्हणतात, मीही लंबूच म्हणते.

या लंबूला झोप नाही. लग्न झाल्यापासून नाही. रात्री तीनला बघावं तर खिडकीशी उभा. चौदा वर्षांत मी त्याला सलग पाच तास झोपलेला बघितला नव्हता. झोपला तरी कूस उजवी, तोंड भिंतीकडे आणि पाठ माझ्याकडे.

"तुझ्यावर राग नाही गं, मला सवयच तशी आहे," म्हणायचा.

मी म्हणायचे, "पाठीला तोंड असतं तर दोन गप्पा तरी मारल्या असत्या."

कामं लांबलांबच्या टेकड्यांवर. कंपनी लॉजमध्ये खोली देते, पण तिथे तर याचा डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून त्याने एका प्लंबरकडून जुनी पिकअप घेतली. मागच्या हौद्यावर फायबरचा टप होता, खोलीसारखा बंद. टॉवरखालीच गाडी लावायची, मागे झोपायचं, सकाळी चढायचं. मलाही पटलं. चढणाऱ्या माणसाची झोप झालेली असली पाहिजे. चाळीस मीटरवर डुलकी लागली तर...

हे वाक्य आमच्या घरात कुणी पूर्ण करत नाही.

आता मागे झोपायचं कशावर, यावर पंधरा दिवस खल चालला. नणंदही त्यात. म्हणजे त्याची थोरली बहीण. ती गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे येईल त्याला ब्रेक लावायची तिला सवय. ती म्हणाली, घडीची खाट घ्या. अहो ताई, टपाची उंची ती किती! हा उठून बसला तर डोकं छताला आपटेल. तंबूवाला दुकानदार म्हणाला, गाडीच्या छतावर लावायचा तंबू घ्या. दिवसभर टॉवर चढलेल्या माणसाने झोपायलाही शिडी चढायची! झोळीची कल्पना निघाली, ती त्याच्या कमरेने नाकारली. शेवटी मला न विचारता हा हवा भरायची गादी घेऊन आला. घरात फोमचा डोंगर असताना! मी दोन दिवस बोलले नाही.

तीन खेपा झाल्या. मग स्वतःच म्हणाला, "ही गादी नको. तू फोमची करून दे."

"का? गळते?"

"गळत नाही. पण शेजारचं माणूस वळलं की आपण वर उडतो."

मी चहा गाळत होते. हात थांबला.

"शेजारचं कोण?"

तो चपला शोधायला वाकला.

मग म्हणाला, "असंच. तसं होतं म्हणतात."

एकटा झोपणारा माणूस असं का म्हणेल? तुम्हीच सांगा. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

पण बोलले नाही. गादी केली, आणि जीव ओतून केली. हौद्यात चाकांचे दोन उंचवटे असतात, त्यांच्या वरून सपाट प्लायवूड टाकलं. त्यावर खाली कडक फोम, वर हळूहळू दबणारा मऊ फोम. लंबूला दुकानात खाकी कागदावर आडवा केला, उजव्या कुशीवर, आणि खडूने पूर्ण आखून घेतला. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याखाली मऊ लागतं आणि कमरेखाली टणक. त्या मापाने तुकडे बसवले. हौद्याची पूर्ण रुंदी वापरली, उगाच जागा कशाला सोडायची?

तो पहिल्या खेपेवरून परत आला तो शीळ घालत.

"सात तास झोपलो गं! सलग सात!"

चेहऱ्यावर तुकतुकी. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण चौदा वर्षं मी शेजारी असताना न आलेली झोप त्याला एका टेकडीवर आली, हे काही घशाखाली उतरेना.

दुसऱ्या खेपेनंतर तो अंघोळीला गेला आणि मी हौद्यात शिरले. कव्हर काढलं. टॉर्च आडवी धरली. फोम कुठे बसलाय ते असंच दिसतं, तिरप्या उजेडात.

उजवीकडे लंबूचा खळगा. लांबलचक. पण कुशीवरचा नाही. उताणा. दोन्ही खांदे, पाठ, दोन्ही टाचा. हा माणूस तिथे छाती वर करून आरामात पसरत होता.

आणि त्याच्या डावीकडे...

दुसरा खळगा.

लहान. एक खांदा, एक कंबर, जवळ ओढलेले गुडघे. कुणीतरी कुशीवर झोपलेलं. तोंड त्याच्याकडे करून.

 मी डोळे फाडफाडून बघितलं, कारण त्या खळग्यात काहीतरी कमी होतं. मी बोटांनी चाचपलं. खांद्याच्या वर फोम कोरा होता. उशीही कोरी.

डोक्याचा ठसाच नव्हता...

रात्री जेवताना लंबू डावा हात चोळत बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. सकाळी हा हात बधिर असतो हल्ली."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डोक्याचा ठसा फोमवर नव्हता, कारण डोकं फोमवर नव्हतंच. ते त्याच्या हातावर होतं.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी घेऊन अख्ख्या कव्हरवर फिरवली. लंबूचे केस निघाले. दुसऱ्या कुणाचा एक केस नाही. वास नाही, रुमाल नाही, क्लिप नाही. बाई येते आणि एक केस सोडत नाही? इतकी नीटनेटकी बाई मी तर आजवर बघितलेली नाही.

नणंदेला सांगितलं. ती पोट धरून हसली.

"माझा भाऊ? अगं, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याला बाई कुठून सापडणार!"

"ताई, फोमवर दिसतंय मला."

"तुला फोमवर काहीही दिसतं. माझ्या सीटवरून तू म्हणालीस मला मूळव्याध आहे."

होती तिला मूळव्याध. पण ते राहू द्या.

मी वरचा फोम बदलला. कोरा, कारखान्यातून आलेला, मी स्वतः उघडलेला. पुढच्या खेपेला त्याच जागी तोच खळगा. प्लंबरला फोन केला, तुमच्या वेळी मागे कुणी झोपायचं का? तो म्हणाला, "वहिनी, मागे पाइप असायचे. पाइपांवर कोण झोपणार?"

मग मी हट्टालाच पेटले. सुताराकडून अवजारांचं लांबलचक खोकं करून घेतलं आणि हौद्यात डावीकडे स्क्रूने घट्ट बसवलं. गादी कापून दोन फूट रुंदीची केली. एका माणसापुरती. आता बघू कोण मावतंय ते!

लंबूने बघितलं. "बरं," म्हणाला. एवढंच. पण त्याचा चेहरा पडला, आणि तो पडलेला चेहरा बघून माझा संशय दुप्पट झाला.

तो परत आला तेव्हा लंगडत होता. कमरेवर लाल वळ, लाकडाच्या कडेचे. मी काही न विचारता सरळ हौद्यात घुसले, कव्हर काढलं.

दोन फुटांची गादी. तिच्यावर एकच खळगा...

लहान. गुडघे जवळ ओढलेले.

लंबूचा खळगा कुठेच नव्हता. माझ्या नवऱ्यासाठी केलेल्या गादीवर माझा नवरा झोपलाच नव्हता. तो रात्रभर खोक्याच्या झाकणावर आडवा झाला होता आणि गादी तिला दिली होती.

मी वर गेले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मी येणार."

वाटलं, दचकेल, कारणं सांगेल.

"ये की," तो म्हणाला. अगदी सहज. हे मला सगळ्यात संशयास्पद वाटलं.

खोकं काढलं, गादी पुन्हा पूर्ण रुंदीची केली आणि गुरुवारी निघालो.

टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. टॉवर, तारेचं कुंपण, आणि यंत्रांची एक बंद खोली, तिची सारखी घरघर. मी पोहोचल्या पोहोचल्या कुंपणाच्या आतून पूर्ण फेरी मारली. मातीत आमच्या दोघांच्याच पायांचे ठसे. फाटकाला कुलूप, किल्ली लंबूकडे. शेवटचं घर खाली रस्त्याला लागून, चढायला अर्धा तास. कुठली बाई रात्री थंडीत इथे येणार आहे?

अंधार पडल्यावर आम्ही मागे शिरलो. मागचा फाळका ओढून घेतला. टपाच्या काचेची आतली खिट्टी मी स्वतः लावली, दोनदा ढकलून बघितली. टॉवरच्या टोकाचा लाल दिवा लुकलुकत होता. दर वेळी आत थोडा लाल उजेड यायचा आणि जायचा.

मी मुद्दाम डावीकडे आडवी झाले. बरोबर त्या खळग्याच्या जागी.

लंबू उताणा पडला. डावा हात पसरला. मी त्या हातावर डोकं ठेवलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगू? मला रडू आलं. वाटलं, कुठली बाई आणि काय, मीच मूर्ख. पाच मिनिटांत तो घोरायला लागला.

मी जागी. घड्याळ बघितलं. पावणेअकरा.

आणि यंत्रांची घरघर थांबली...

एकदम शांत. लंबूचं घोरणंही थांबलं. श्वास चालू होता, पण अगदी संथ.

माझ्या खांद्याला काहीतरी लागलं...

दोन बोटं. टोचली नाहीत, ओढलं नाही. बसमध्ये शेजारणीला आपण 'जरा सरकता का' म्हणताना लावतो, तशी.

वाटलं लंबूच. पण त्याचा उजवा हात त्याच्या छातीवर होता. डावा माझ्या डोक्याखाली.

पुन्हा दोन बोटं...

आणि मी सरकले.

हे सांगताना मला आजही लाज वाटते. मी ओरडले नाही, उठले नाही. आपल्या नवऱ्याच्या शेजारून मी निमूट सरकले, आणि माझं डोकं त्याच्या हातावरून खाली आलं.

मग लंबूने झोपेतच डावा हात उचलला. आत ये म्हणताना माणूस पांघरूण उचलतो, तसा. क्षणभर हात हवेत. मग तो परत गादीवर टेकला, आणि टेकल्यावर आणखी खाली दबला.

जणू त्यावर कुणी डोकं ठेवलं होतं...

आमच्या दोघांच्या मधे आता हातभर जागा होती. हा फोम माझा आहे, मी त्याला ओळखते. वजन पडलं की तो एकदम बसत नाही, सावकाश बसतो. मी बघत होते. आधी खांद्याची जागा खाली गेली. मग कंबर. मग गुडघे.

पांघरूण वर उचललं गेलं नाही. ते त्या खळग्यात उतरलं.

लाल उजेड आला. गेला. मधे कुणीही नव्हतं.

मी हात पुढे केला. का केला, देव जाणे. तळवा त्या खळग्यात ठेवला...

ऊब होती. आत्ताच कुणी उठून गेलेल्या खुर्चीला असते ना, तशी. फक्त इथून कुणी उठलेलं नव्हतं.

तेवढ्यात लंबूने मान डावीकडे वळवली. माझ्याकडे नाही, त्या मधल्या जागेकडे. आणि झोपेत हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

खिट्टी कशी काढली, फाळक्यावरून कशी उतरले, आठवत नाही. अनवाणी पुढच्या केबिनमध्ये शिरले, दोन्ही दारं लॉक केली आणि उजाडेपर्यंत समोरच्या काचेकडे बघत बसले. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. घरघर पुन्हा केव्हा सुरू झाली, तेही कळलं नाही.

सकाळी लंबूने काचेवर टकटक केली. चेहरा कसा, धुतल्यासारखा.

"अगं, थंडीत इथे काय करतेस?"

मी काच दोन बोटं खाली केली. "मागे कोण आहे?"

तो बुटाने माती उकरत राहिला.

"म्हणजे तुलाही कळलं..."

"कोण आहे ती?"

"मला माहीत नाही गं. आईशप्पथ. दिसत नाही, बोलत नाही. हवेच्या गादीवर पहिल्यांदा कळलं. मी घाबरून उठणार होतो, तेवढ्यात... झोप लागली."

"आणि मग?"

"मग काय. तेव्हापासून झोप लागते."

"तुला भीती नाही वाटत?"

त्याने वर टॉवरकडे बघितलं. "वर असताना डोळे मिटायला लागतात ना, तेव्हा जी भीती वाटते, त्यापुढे हे काहीच नाही."

 पण माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हणाले, "ती तरी, नाहीतर मी."

त्याने क्षणभरही वाद घातला नाही. घरी आल्यावर गादी काढून दुकानाच्या मागे टाकली, पिकअप नणंदेच्या अंगणात लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली. पुन्हा लॉज, पुन्हा कंपनीची गाडी. जिंकले मी! केवढी मर्दुमकी!

पहिल्या आठवड्यात तो दोन तास झोपायचा. दुसऱ्यात तेही नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो दिवसा पेंगायचा आणि रात्री टक्क जागा. डोळे खोल गेले. जेवताना घास हातात तसाच. मला काही म्हणायचा नाही, चिडायचा नाही. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रात्री पलंगावर तो आता उताणा झोपायचा आणि डावा हात पसरून ठेवायचा. मी त्यावर डोकं ठेवून बघितलं. तो दचकून हात काढून घ्यायचा आणि मग बिचारा माफी मागायचा.

नणंद आली ती घाबरलेली. "अगं, हा माझ्या शेजारी गाडी चालवत होता. सिग्नल हिरवा झाला तरी ढिम्म. बघते तर डोळे उघडे आणि हा झोपलेला! मला पाय मारायला शिकवणीच्या गाडीसारखा दुसरा ब्रेकही नव्हता."

आणि मग तो फोन आला. मंगळवारी, भर दुपारी. त्याच्याबरोबर चढणाऱ्या जोडीदाराचा.

"वहिनी, घाबरू नका. तो ठीक आहे. खाली आणलाय."

 "काय झालं?"

"आम्ही वर होतो. त्याने सेफ्टीचा हूक लावला आणि मागे रेलला. नेहमी रेलतो तसा. माझं सहज लक्ष गेलं... वहिनी, त्याने हूक टॉवरला लावलाच नव्हता. स्वतःच्याच पट्ट्याच्या दुसऱ्या कडीत अडकवला होता. मी कॉलर धरली म्हणून."

फोन ठेवला आणि मी दुकानात खाली बसले. जमिनीवरच. मग उठले, शटर अर्धं ओढलं आणि फोम काढला.

त्या दिवशी मी काय केलं ते फक्त नणंदेला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

ती जुनी गादी मी फेकलेली नव्हती. तिच्यावरचा तो लहान खळगा मी टेप लावून मोजला. खांदा ते कंबर. कंबर ते गुडघा. कागदावर आखला, जसं कुठल्याही गिऱ्हाइकाचं माप घेते तसा. त्या मापाने डावीकडे खांद्याखाली मऊ तुकडा बसवला, कमरेखाली टणक. लंबूच्या बाजूला उताण्या माणसाचं माप. आणि दोघांच्या मधे, खांद्यापासून मनगटापर्यंत, फोममध्ये एक लांब खाच कोरली. हात त्या खाचेत राहिला की वर कितीही वेळ डोकं असो, तो दबत नाही, बधिर होत नाही. सकाळी शिडी धरायला हात शाबूत हवा ना.

माझ्या नवऱ्याच्या हातावर दुसरीने डोकं ठेवावं म्हणून मी ती खाच कोरत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि सुरी सरळ चालत होती. ती बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं. झिंज्या उपटता येतात.

लंबूने गादी बघितली. खाचेवरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मी पिकअपची किल्ली त्याच्या खिशात टाकली.

तो दोन दिवसांनी परत आला. आठ तास झोपून. जेवला, नणंदेची टिंगल केली, डावा हात चोळला नाही.

तेव्हापासून हे असंच चाललंय. पंधरवड्यातून दोनदा तो जातो आणि माणसात येऊन परततो. घरी मात्र त्याला अजिबात झोप नाही, आधी होती तेवढीही नाही. मी विचारत नाही. कव्हर काढून बघत नाही. लोक म्हणतात, तुझा लंबू हल्ली किती छान दिसतो! मी हो म्हणते.

हे लिहायचं कारण आजची सकाळ.

लख्ख ऊन होतं. मी एका बसची सीट उसवत होते. लंबू खाली आला, माझ्या टेबलावरची टेप उगाच उघडली, मिटली.

"ती गादी थोडी रुंद होईल का गं?"

"का? अडचण होते?"

"तिघांना जरा दाटी होते."

तिघांना!

 वाटलं, हा मला बोलावतोय. ती जी कोण आहे ती असू दे, पण मलाही ये म्हणतोय. मी केसांतला फोमचा चुरा झटकला.

"येईन की," मी म्हणाले. "दुकान दोन दिवस बंद ठेवता येईल."

 त्याला काही कळेचना. मग कळलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"तू? नाही, म्हणजे... तू ये ना कधीतरी. मी ते नव्हतो म्हणत."

"मग?"

त्याने टेप खाली ठेवली. दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले, टेबलावर, माझ्या फोमच्या तुकड्यावर. मधलं अंतर दीड-एक फूट, तान्ह्याच्या दुपट्याएवढं.

"आमच्या मधे जागा हवीये," तो म्हणाला. आवाज इतका हळू, की जणू कुणी शेजारी झोपलंय. "सध्या एवढी पुरेल."

आता रात्रीचे साडेदहा वाजलेत. वरच्या खोलीत त्याच्या पावलांचा आवाज येतोय, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. उद्या सकाळी सहाला तो निघणार. शुक्रवारी चढायचंय, पंचेचाळीस मीटर.

फोम माझ्यासमोर टेबलावर आहे. खडूने आखून झालाय. सुरी अजून मी हातात घेतलेली नाही.